स्टेशनच्या पाटीवरचं अक्षर कुणी बघायचं?

रेल्वे स्टेशनांच्या जुन्या पाट्यांचा विषय निघाला की माणसं लगेच दोन गटांत वाटली जातात. एका गटाला गहिवर येतो: पिवळी पाटी, काळं अक्षर, कोळशाचं इंजिन, मामाचा गाव, सगळं एकदम. दुसरा गट म्हणतो, गाडी वेळेवर आली म्हणजे झालं, पाटी कशी का असेना. मला दोन्ही गट जवळचे वाटत नाहीत. पहिल्याला पाटी नकोच आहे, त्याला स्वतःचं बालपण परत हवंय. दुसऱ्यावर रात्री अकरा वाजता अनोळखी मुलखात डब्याच्या खिडकीला नाक लावून स्टेशनचं नाव शोधायची वेळ बहुधा आलेली नाही. माझं म्हणणं जरा रुक्ष आहे. सार्वजनिक जागी, लोकांच्या पैशाने जे अक्षर लागतं ते नीट आहे की नाही हे बघणं आज कुणाचंच काम राहिलेलं नाही. पूर्वी ते निदान एका माणसाचं काम होतं. त्याला पेंटर म्हणत.

बडोद्यात राहणाऱ्याला ही गोष्ट लवकर लक्षात येते, कारण इथे एका पाटीवर तीन लिप्या नांदतात. वर गुजराती, मग हिंदीची देवनागरी, मग इंग्रजीची रोमन. जिथे हिंदी ही राज्याची भाषा नाही तिथे आधी प्रादेशिक भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम ठरलेला आहे आणि सगळ्या भाषांतली अक्षरं सारख्या आकाराची हवीत अशीही सूचना आहे. सूचना चांगलीच आहे. कुठलीही भाषा पाटीवर पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसू नये. पण ‘सारखा आकार’ म्हणजे नेमकं काय, हे ज्याला विचारावं तो खांदे उडवतो.

रोमन कॅपिटल अक्षरं सगळी एकाच उंचीची असतात. त्यांच्या वर काही नाही, खाली काही नाही. देवनागरीत मधल्या पट्ट्यात मूळ अक्षर, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार नि जोडाक्षरांचे पाय. गुजरातीचंही तसंच, फक्त शिरोरेषा नाही. संगणकावर तिन्ही ओळींना एकच पॉइंट साइज दिली की देवनागरीचा फॉन्ट त्या मापातच वरच्या आणि खालच्या पट्ट्यांची जागा धरून बसतो. परिणाम असा की मूळ अक्षर शेजारच्या रोमनपेक्षा बुटकं निघतं. आकडा सारखा, म्हणून कागदावर नियम पाळला गेला. डोळ्याला मात्र इंग्रजी नाव मोठं आणि बाकी दोन लहान दिसतात. मग कुणीतरी साहेब पाहणीला येतात, ‘हिंदी छोटं दिसतंय’ म्हणतात, आणि ऑपरेटर त्या ओळीचा कोपरा माऊसने धरून आडवी ताणतो. ताणलेल्या अक्षराच्या उभ्या काड्या जाड होतात, शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. अक्षर सुजल्यासारखं दिसतं. लांबून, धावत्या गाडीतून बघितलं तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि नाव वाचायला पुन्हा एकदा बघावं लागतं. तोवर स्टेशन मागे गेलेलं असतं.

पेंटर हे सगळं कसं निभावून न्यायचा ते नीट बघण्यासारखं आहे. रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात हा कारागीर इन्स्पेक्टर ऑफ वर्क्सच्या, म्हणजे सगळे ज्याला आयओडब्ल्यू म्हणत त्याच्या हाताखाली असायचा. पाटी जुन्या रुळांच्या दोन तुकड्यांवर उभी, कधी पत्र्याची, कधी सिमेंटची, प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना. आधी पिवळ्याचे हात. ते वाळले की खडू लावलेली सुतळी दोन्हीकडे ताणून धरायची आणि मध्ये चिमटीत उचलून झटकायची. एक सरळ पांढरी रेघ उमटते. शिरोरेषेची एक, पायाची एक. मग नावातली अक्षरं मनात मोजून मधलं अक्षर कुठे येईल ते ठरवायचं आणि खडूने हलका आराखडा काढायचा. रंगवताना मनगट टेकायला एक काठी. एवढीच हत्यारं. कौशल्य होतं ते जागा वाटण्यात.

प्रतापनगर हे नाव घ्या. आमच्या डभोई लाइनचं शहरातलं स्टेशन, जुनी माणसं अजून त्या भागाला गोयागेट म्हणतात. देवनागरीत हे नाव म्हणजे जवळजवळ नुसती उभ्या काड्यांची रांग: प्र, ता, प, न, ग. शेवटी एकटा र, काडी नसलेला. या काड्यांमधलं अंतर फूटपट्टीने सारखं ठेवलं तर नाव गजांच्या खिडकीसारखं दिसतं. पेंटर ग आणि र यांच्यामधली जागा किंचित आवळायचा, कारण र च्या पोटात आधीच पोकळी आहे. आता विश्वामित्री हे दुसरं स्टेशन बघा. दोन ऱ्हस्व वेलांट्या एकीकडे झुकणाऱ्या, एक दीर्घ दुसरीकडे, मध्ये श्व, शेवटी त्र. वरचा पट्टा नुसता कमानींनी भरलेला. या कमानी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांची उंची थोडी कमी-जास्त ठेवावी लागते. हे सगळं हाताला माहीत असतं. संगणकालाही ते शिकवता येतं, चांगला फॉन्ट म्हणजे दुसरं काय असतं? पण फॉन्ट धड नसला, किंवा जुन्या पद्धतीच्या टंकात टाइप केलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, की श्व फुटतो. श चा पाय मोडून शेजारी वेगळाच व उभा राहतो. आणि तो तसाच व्हिनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट कागदावर, छापून पाटीवर चढतो, कारण छापणाऱ्याला देवनागरी वाचता येण्याची अट कुठल्याच टेंडरमध्ये घालायचं कुणाला सुचत नाही.

छुछापुरा नावाचं एक स्टेशन याच डभोईच्या जाळ्यात आहे. दोन छ एकापाठोपाठ, पहिल्याला उकार, दुसऱ्याला काना. ज्याला अक्षर येतं असं म्हणवून घ्यायचंय त्याने हे नाव एकदा पत्र्यावर रंगवून बघावं.

आणि पाटीच्या तळाशी ती बारीक ओळ, समुद्रसपाटीपासूनची उंची. प्रवाशाला तिचा काडीचा उपयोग नाही, ती रेल्वेच्या स्वतःच्या मोजमापांसाठी. तरीही जुन्या पाट्यांवर ती ओळ मोठ्या नावाइतक्याच इमानाने लिहिलेली दिसते. मला यात त्या माणसाचा स्वभाव दिसतो, कुणी याला भाबडेपणा म्हटलं तरी हरकत नाही.

बडोद्याच्या रेल्वेचा इतिहास इथे थोडा सांगायला हवा, कारण तो या वादात दोन्ही बाजूंनी वापरला जातो. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी नॅरोगेज लाइन पडली. देशातली ही पहिली नॅरोगेज. रूळ हलके होते, इंजिनाचं वजन पेलवेना, म्हणून सुरुवातीला गाड्या बैलांनी ओढल्या. १८७३ मध्ये नवे, जड रूळ घालून तिथे इंजिन नियमित धावू लागलं. पुढे गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे म्हणून हे जाळं वाढलं, डभोई हे त्याचं केंद्र झालं आणि १९४९ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणाबरोबर ते बी.बी.अँड सी.आय., म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत गेलं. १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधल्या पाच नॅरोगेज मार्गांना, एकूण २०४ किलोमीटरना, वारसा म्हणून जपायचं ठरवलं, डभोई–मियागाम त्यातच. दुसरीकडे डभोईहून चाणोद-केवडियाकडे ब्रॉडगेज गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या मार्गावरच्या नव्या स्टेशन इमारतींचं उद्घाटन झालं. म्हणजे एकाच जंक्शनात वारसाही आहे आणि चकचकीत नवं बांधकामही. पाटीचा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही.

पण संस्थानी काळाबद्दल मी उगाच हळवा होणार नाही. त्या काळातल्या देशभरच्या स्टेशनांवर वर्गावर्गाच्या वेटिंग रूमच्या पाट्या होत्या, ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा पाट्या होत्या. त्याही कुणीतरी दोरी झटकून, काठी टेकवून सुबक अक्षरात रंगवल्या असणार. सुबक अक्षराने मजकूर शहाणा होत नाही. जुनं ते सगळं परत लावा म्हणणाऱ्यांनी हे आधी डोळ्यांसमोर आणावं. असल्या पाट्या संग्रहालयात हव्यात, शेजारी स्पष्टीकरणासकट. प्लॅटफॉर्मवर नकोत.

त्या काळातली जी गोष्ट मला खरंच पुढे न्यावीशी वाटते ती वेगळी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळेत अक्षर ओळखायला लागलेल्या पोराच्या गावात मोठ्या, ठळक, सरकारी अक्षरात लिहिलेलं असं किती काय असायचं? चावडीवर एखादं, शाळेवर एखादं आणि स्टेशनवरची पाटी. पाटी ही त्या अर्थाने गावातली सर्वांत मोठी अक्षरमाला होती. आजही आहे. आमच्या वस्त्यांत भिंतीवर अक्षरं खूप वाढली आहेत, पण त्यातली बहुतेक कुठल्या तरी क्लासची, दवाखान्याची किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांची. सरकार स्वतःच्या हाताने जे अक्षर लिहितं त्याला म्हणूनच जास्त जबाबदारी आहे.

आता मुंबईकडे वळतो, कारण अक्षराची खरी कसोटी लोकलच्या मार्गांवर लागते. आमचा आणि त्यांचा रूळ तसा एकाच कंपनीचा. बी.बी.अँड सी.आय.ची गाडी १८६१ मध्ये बडोद्याला पोचली, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी त्याच कंपनीने विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सोडली. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली वीज आली. विजेच्या गाडीने पाटीचं काम बदलून टाकलं. बडोद्याच्या मेलमधला प्रवासी पाटी सावकाश वाचू शकतो. गाडी थांबते, चहा येतो. लोकल काही सेकंद थांबते, दारात माणसं लोंबकळतात आणि बसलेल्याला खिडकीतून जेमतेम वीतभर फट दिसते. म्हणून तिथे एका टोकाच्या मोठ्या पाटीने भागत नाही. नाव खांबांवर हवं, छताखाली हवं, पुन्हा पुन्हा हवं आणि अक्षर असं हवं की ते अर्धं झाकलं तरी ओळखू यावं. आमच्याकडे अहमदाबाद-आणंदला रोज अपडाऊन करणारे पासधारक पाटी बघत नाहीत, त्यांना गाडीच्या वळणावरून कळतं. मुंबईतल्या रोजच्या माणसालाही तसंच कळत असणार. पाटी नेहमी नवख्यासाठी असते, म्हणून ती नवख्याच्याच डोळ्याने तपासायला हवी.

मुंबईत आणखी एक गंमत आहे. मराठी आणि हिंदी नाव सारखंच असलं की काही पाट्यांवर तेच नाव देवनागरीत दोनदा लिहिलेलं दिसतं. कल्याण आणि पुन्हा कल्याण. वाशी आणि पुन्हा वाशी. दोन्ही ओळी एकाच फॉन्टात असल्या तर परगावच्या माणसाला ती छपाईची चूक वाटावी. खरं तर इथे दोन ओळींना जगायला कारण होतं. १९६०च्या दशकात केंद्रीय हिंदी निदेशालयाने देवनागरीची प्रमाण वळणं ठरवली तेव्हा अ, झ, ण ही अक्षरं मुंबईकडच्या वळणाची घेतली आणि ल, श उत्तरेकडचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले. म्हणजे कल्याण आणि वाशी, दोन्ही नावं मराठीत एका वळणाने आणि हिंदीत दुसऱ्या वळणाने लिहिता येतात. पाटीवर ती तशी लिहिली तर दुसरी ओळ फुकट जाणार नाही, आणि चौथीतल्या मुलाला फळ्यावर दिसतो तोच ल स्टेशनवरही दिसेल.

याला कुणी भाषिक अस्मितेचा वाद म्हणेल. असू दे. पण बडोद्यातून बघितलं तर त्याला दुसरी बाजू आहे. इथे मराठीला पाटीवर जागा नाही आणि असावी असा माझा आग्रहही नाही. गुजरातच्या स्टेशनावर गुजराती पहिली, हे रास्तच. दांडिया बाजार-रावपुऱ्यातला मराठी माणूस पाटीवरची हिंदी ओळ आपली म्हणूनच वाचतो, कारण लिपी तीच. इटोल्याचा, पालेजचा ल हिंदी वळणाचा आहे, हे आमच्या लक्षातही येत नाही. अडचण त्या वळणाची नाहीच. ती ओळ तीन ओळींत सर्वांत गबाळी लागते, याची आहे. गुजराती ओळीबद्दल स्थानिक माणूस तक्रार करतो, इंग्रजीचे फॉन्ट मुळात बरे असतात, आणि मधली ओळ कुणाचीच नसते. प्रत्येकाला वाटतं, ती दिल्लीची आहे.

मुंबईत पाट्या बदलण्याचं आणखी एक निमित्त असतं, ते म्हणजे नामांतर. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी. आमच्या बडोद्याचं १९७४ मध्ये सरकारदरबारी वडोदरा झालं, स्टेशनचा कोड मात्र अजून जुन्याच स्पेलिंगचा, बी.आर.सी. नाव बदलावं की नाही हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. पण प्रत्येक नामांतरात अख्ख्या स्टेशनच्या पाट्या एका झटक्यात उतरतात आणि भंगाराच्या ढिगात जातात. उतरवण्याआधी त्यांचा साधा सरळ समोरून एक फोटोही काढायची रीत नाही. दगडाच्या इमारतीचं तसं होत नाही. भायखळ्याच्या स्टेशन इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. अगदी योग्य. कमानीला वास्तुविशारद आहे, लाकडी कठड्याला सुतार आहे, अक्षराला मात्र कुणीच नाही. आपल्याकडे वारसा म्हणजे ज्याला हात लावला की थंड लागतं ते, असा काहीसा समज आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेचं उदाहरण द्यायला मला संकोच वाटतो, कारण ते फार वेळा दिलं जातं. पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने १९१६ मध्ये त्या रेल्वेसाठी अक्षर काढलं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १९७९ मध्ये एइची कोनो या जपानी माणसाला बसवून ते अक्षर नव्या छपाईसाठी दुरुस्त करून घेतलं, आणि २०१६ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा पुन्हा एकदा मूळ रेखाटनांपर्यंत जाऊन नवी आवृत्ती काढली. त्यात ॲट आणि हॅशच्या खुणाही आल्या. म्हणजे तिथे जुनं अक्षर जपलं म्हणताना ते काचेच्या कपाटात ठेवलं नाही, कामाला लावलं, आणि बिघडलं की दुरुस्त केलं. एका संस्थेने शंभर वर्षं हे आपलं काम मानलं. आपल्याकडे हवं आहे ते हे. त्यांचं अक्षर नको.

आपल्याकडे चाललंय ते नेमकं उलटं. एकीकडे स्टेशनवर व्हिनाइल, दुसरीकडे शहरातल्या कॅफेंमध्ये आणि सेल्फी पॉइंटवर नकली जुनी पिवळी पाटी, मुद्दाम गंज चढवलेली. सुधारलेल्या स्टेशनांना ‘हेरिटेज लुक’ देतात तेव्हाही कमानी, कंदील आणि वेलबुट्टीदार फॉन्ट येतात. जे कुठल्याच काळात त्या स्टेशनवर नव्हते. मला हा प्रकार व्हिनाइलपेक्षाही जास्त खटकतो. व्हिनाइल निदान खोटं बोलत नाही.

रेल्वेची बाजूही ऐकायला हवी, आणि ती कमकुवत नाही. पहिलं म्हणजे पेंटर मिळत नाहीत. खात्यातला माणूस निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही, काम ठेक्याने जातं. दुसरं, हाताने रंगवलेली पाटी रात्री चमकत नाही. परावर्तक पत्र्यावरचं अक्षर इंजिनाच्या दिव्यात लांबून दिसतं, आणि लोको पायलटला तेच हवं. तिसरं, एकसारखेपणा. कमी दिसणाऱ्याला, वयस्कर माणसाला, भाषा न येणाऱ्याला सगळीकडे एकच खूण, एकच रंग मिळाला तर त्याची वणवण वाचते. २०२३ मध्ये रेल्वेने स्टेशनांवरच्या फलकांसाठी एकसमान मानकांची पुस्तिका काढली ती याच हेतूने: सोपी भाषा, स्पष्ट अक्षरं, सहज दिसणारे रंग, चित्रखुणा, दिव्यांगांचा विचार. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. शौचालयाची खूण प्रत्येक स्टेशनवर वेगळ्या शैलीची हवी असं म्हणणारा माणूस घाईत कधी नव्हताच.

पण ‘स्पष्ट अक्षरं’ हे दोन शब्द दिल्लीहून निघून एखाद्या छोट्या स्टेशनच्या ठेकेदारापर्यंत पोचेपर्यंत त्यांचं काय होतं? त्याला कुठला फॉन्ट, कुठल्या लिपीला किती उंची, दोन ओळींत किती अंतर, नाव लांब असलं तर काय करायचं, हे कुणी सांगायचं? ताणू नये, एवढी एक ओळ जरी टेंडरमध्ये घातली तरी अर्धं काम होईल. उंची मोजायची तर मात्रा-उकार सोडून मूळ अक्षराची मोजावी, ही दुसरी ओळ. जोडाक्षरं आणि वेलांट्या ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसाने तपासून सही केल्याशिवाय बिल निघू नये, ही तिसरी. यात पैसा कुठे लागतो? खर्चाचं निमित्तही राहिलेलं नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेल्या मुक्ता या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन आहे, त्याचंच गुजराती भावंड मुक्ता वाणी. बारीक ते ठळक अशा अनेक वजनांत, आणि वापरायला फुकट. तीन लिप्या एका घरातल्या वाटाव्यात असा विचार करून केलेलं काम तयार पडलं आहे. अगदी हाच फॉन्ट वापरा असं मी म्हणत नाही. निवडणारा माणूस हवा, एवढंच.

मोबाइलमध्ये स्टेशन दिसतं, मग पाटी कशाला, असंही तरुण मंडळी विचारतात. मोबाइलची बॅटरी संपलेल्या माणसाशी मी यावर बोलेन.

जुन्या पाट्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. सगळ्या जपता येणार नाहीत, जपूही नयेत. गंजलेला पत्रा म्हणजे वारसा नाही. पण प्रत्येक पाटी उतरवण्याआधी समोरून, मोजपट्टी लावून तिचा फोटो घ्यावा. जिथे हाताचं काम खरंच चांगलं आहे तिथे कागद लावून ठसा काढून ठेवावा. संस्थानी काळातलं, ओतीव लोखंडाचं किंवा मिनाकारीच्या पत्र्याचं काही सापडलं तर ते भंगाराच्या लिलावात न जाता प्रतापनगरच्या रेल हेरिटेज पार्कमध्ये जावं. आणि वारसा म्हणून ज्या नॅरोगेज मार्गांची नावं घेतली जातात त्यांच्यावर तरी प्रत्येक स्टेशनाची एक रंगवलेली पाटी जागच्या जागी राहावी, दर काही वर्षांनी हातानेच पुन्हा रंगवून. रंगवलेली पाटी जपायची म्हणजे रंगवणारा जपायचा. कोरड्या पाटीचं जतन चार पावसाळ्यांत संपतं.

इथे बडोद्याकडे एक सोय आहे जी दुसऱ्या शहरांकडे नाही. रेल्वेच्या वडोदरा मंडळाचं मुख्य कार्यालय प्रतापनगरात. रेल्वेच्या अधिकाऱ्यांना जिथे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं तो लालबागचा प्रताप विलास राजवाडाही इथलाच, तिथे आता गतिशक्ती विद्यापीठ. आणि स्टेशनाहून फार लांब नसलेली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा, १९५० मध्ये सुरू झालेली. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट बनवण्याचा प्रकल्प ज्यांनी उभा केला ते हनीफ कुरेशी याच शाखेचे विद्यार्थी. २०२४ मध्ये ते गेले. म्हणजे पाटी लावणारे, पाटी लावायला शिकवणारे आणि अक्षर शिकवणारे असे तिघेही एका गावात, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एका टेबलाशी बसून एकाही स्टेशनच्या नावाची चर्चा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प हवेच असतात. कल्पनेतल्या साबणाचं वेष्टन रंगवण्यापेक्षा त्यांना डभोई लाइन द्या. तिन्ही लिप्यांची मापं त्यांनी काढावीत, रेल्वेने दिवस-रात्र गाडीतून बघून ती तपासावीत, आणि जे टिकेल ते मंडळाच्या टेंडरात घालावं.

सुरुवात मियागाम करजणपासून करावी असं मी सुचवीन. नाव दोन शब्दांचं, तीन लिप्यांत, पुन्हा जंक्शन हा शब्द मागे लागलेला आणि त्यात क्श. पाटीची लांबी ठरलेली, जागा अपुरी. ती एक साधली तर बाकीची स्टेशनं सोपी आहेत. फक्त छुछापुऱ्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागेल.